इंफाळला दिलेलं आवतण

चंद्रावतीबाईंनी आजवर किती लग्नं लावली, ते त्यांनाही सांगता यायचं नाही. त्या धवलारीण आहेत. पेणच्या खाडीपट्टीत आगरी घरातलं लग्न धवलारणीशिवाय होत नसे. ब्राह्मण नंतर आले, बँडवाले त्याच्याही नंतर. मांडवाच्या मेढीजवळ बसून धवलारीण धवला म्हणते, म्हणजे एकेका देवाला आणि घरातल्या एकेका मेलेल्या माणसाला गाण्यातून लग्नाला बोलावते. तिच्याबरोबर चार बायका असतात. ती एक ओळ म्हणते आणि बायका ती झेलतात. असं तासन् तास चालतं.

त्या बोलावण्याचा एक नियम आहे. नुसतं नाव घ्यायचं नाही, नावाबरोबर ठिकाणही सांगायचं. बापदेव बोलवायचा तर तो कोणत्या बांधावर बसला आहे, ग्रामदेवी बोलवायची तर तिच्या दारात कसलं झाड आहे, आजोबा बोलवायचे तर त्यांना खाडीच्या कोणत्या अंगाला अग्नी दिला. आणि ते ठिकाण धवलारणीने स्वतः पाहिलेलं असलं पाहिजे. चंद्रावतीबाईंना धवला शिकवणारी म्हातारी हौसा त्यांना सांगायची, "जिथला रस्ता तुला म्हायत नाय, तिथनं तू कुनाला आनशील गो?" म्हणून नव्या गावात लग्न असलं की चंद्रावतीबाई एक दिवस आधी जायच्या आणि त्या घरातल्या कोणाला तरी घेऊन सगळी ठिकाणं पायांनी फिरून यायच्या.

त्यामुळे शेकडो घरांतले मेलेले त्यांनी मांडवात आणले. स्वतःच्या बापाला मात्र त्यांना कधी बोलावता आलं नव्हतं.

त्यांचे वडील जनू हे मिठागरावर काम करत. मग पेणच्या एका लॉरीवर क्लीनर झाले, ड्रायव्हर झाले आणि दुसऱ्या महायुद्धात लष्कराच्या मालमोटारी चालवायला गेले. तेव्हा चंद्रावतीबाई आईच्या पोटात होत्या. चव्वेचाळीस साली ते इंफाळला गेले ते तिथेच राहिले. आईला, कृष्णाबाईंना, सरकारकडून कळवलं गेलं, पुढे पेन्शनही मिळाली. त्यात लपवाछपवी काही नव्हती. सगळ्या गावाला ठाऊक होतं की जनू इंफाळला गेला. फक्त इंफाळ कुणी पाहिलं नव्हतं.

चंद्रावतीबाईंच्या लग्नात हौसा धवला म्हणायला बसली होती. कृष्णाबाईंच्या नवऱ्याचं नाव यायची वेळ आली तेव्हा ती थांबली, पाणी प्यायली आणि पुढच्या नावाला गेली. चंद्रावतीबाई सांगायच्या, "मी हलदीची बसलेली. मना वाटलं आता म्हनंल, मंग म्हनंल. म्हातारीनं नुसतं पानी पेलं." पुढे त्यांच्या मुलाच्या, पोपटच्या लग्नात त्यांनी स्वतः धवला म्हटला. त्याच जागी त्याही थांबल्या आणि पुढे गेल्या.

पोपट लहान असताना बांध फुटून खाडीचं पाणी शेतात शिरलं, तेव्हा हे कुटुंब रोह्याला, नदीपलीकडे अष्टमीत आलं. मोठा झाल्यावर पोपट धाटावच्या एका कंपनीत लागला. मी रोह्याच्या शाळेत शिक्षक होतो. पोपट माझ्याच हाताखाली शिकला, आणि निवृत्तीनंतर मी त्यांचा भिंतीला भिंत लावून शेजारी झालो. म्हणून ही गोष्ट मला जवळून बघायला मिळाली.

काही वर्षांपूर्वी पोपटच्या मुलीचं, मैनाचं लग्न ठरलं. घरातलं हे शेवटचंच लग्न. चंद्रावतीबाईंनी सत्तरी ओलांडली होती. जिना चढला की त्यांना दम लागायचा. त्यांनी सांगून टाकलं, "हा माजा शेवटचा धवला. यात मी बापसाला हाक मारनार. मना इंफाळ दाखवा."

पोपट म्हणाला, "आये, काय बोलतेस? लगीन तोंडावर आलंय."

"म्हनून तर बोलतंय. लगीन झाल्यावर जाऊन काय त्याला फोटो दाखवू?"

"आगो, मैनानं मोबाईलवर काढून दाखवलं ना तुला! आज्याचं नाव हाय, बाग हाय, पाटी हाय. सगला फोटो हाय. तोच बघ न् गा."

चंद्रावतीबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुजी बायको तू फोटोत बघून केलीस का रं? वडखलला किती खेपा मारल्यास तवा?"

आतून पोपटची बायको खुदकन हसली. पोपट माझ्याकडे वळला. "गुरुजी, तुमी तरी सांगा हिला."

मला माझी शाळा आठवली. दरवर्षी पाचवीच्या वर्गात मी भिंतीवर नकाशा लावून छडीचं टोक भारताच्या उजव्या कोपऱ्यात नेत असे आणि मुलांकडून म्हणवून घेत असे: मणिपूर, राजधानी इंफाळ. त्या टोकाला टेकलेल्या एका घरातला मुलगा माझ्याच वर्गात बसतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी म्हणालो, "पोपट, तुला रजा मिळत असेल तर मी बरोबर येतो. माझी हिंदी बरी आहे."

पोपट म्हणाला, "झालं! दोघंपन एका वर्गातले."

पण त्याने रजा काढली. कुरकुरत का होईना, आईचं काम तो टाकत नाही.

निघताना चंद्रावतीबाईंनी अक्षता बरोबर घेतल्या. घरचे तांदूळ, त्याला कुंकू चोळलेलं, वर एक सुपारी. सगळं एका पितळी वाटीत घालून वर फडकं बांधलं. लग्नाचं आवतण अक्षतांनी देतात. धवला नंतर, आधी अक्षत. आणि त्यांच्या घरात या अक्षतांचं फार कडक होतं. आवतण देऊन होईपर्यंत वाटी जमिनीला टेकवायची नाही आणि अक्षता जिथे पहिल्यांदा पडतील तो पाहुणा पक्का.

मुंबईच्या विमानतळावर तपासणीला ती वाटी अडली. गणवेशातल्या मुलीने फडकं सोडायला सांगितलं. चंद्रावतीबाईंनी सोडलं, पण मुलगी बोट घालणार एवढ्यात म्हणाल्या, "बघ हां बाय. हात लावलास तर लगनाला यायला लागंल. रोह्याला. आन् आहेर घेऊन!"

मी हिंदीत समजावून सांगितलं. मुलगी हसली, हात मागे घेतला आणि वाटी डोळ्यांनीच तपासून पुढे जाऊ दिली. विमानात त्यांनी ती मांडीवर धरली. जेवताना डाव्या हातात. गुवाहाटीला विमान बदललं, रात्री इंफाळच्या हॉटेलात उतरलो. तिथे खिडकीच्या कडीला रुमालाने वाटी टांगून मग त्या झोपल्या. पोपट म्हणाला, "पोराला एवढं जपलं नव्हतंस."

"तू काय, कुटंपन ठेवला तरी चालत व्हतास."

सकाळी रिक्षातून निघालो. इंफाळ हे डोंगरांच्या मधलं सपाट ताट आहे. शहराची घरं संपली की कापलेल्या भाताची शेतं, मधूनमधून पाणी आणि चारी बाजूंना निळसर डोंगर. चंद्रावतीबाई रिक्षाच्या कडेला सरकून सगळं बघत होत्या. मला ठाऊक होतं त्या काय करताहेत ते. त्या रस्ता पाठ करत होत्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "हे तर आपल्यावानीच हाय. भात हाय, पानी हाय. मना वाटत व्हतं सगला जंगल असंल. बापसाला परकं नसंल वाटलं."

युद्धात मेलेल्या हिंदी जवानांची स्मशानभूमी एका शांत रस्त्याला होती. लोखंडी फाटक, आत कापलेलं हिरवं गवत आणि त्यात बुटक्या दगडांच्या सरळ रांगा, शाळेत मुलं प्रार्थनेला उभी राहावीत तशा. फाटकाशी एक मध्यमवयीन राखणदार माळी होता. त्याने आमच्यापुढे भेट देणाऱ्यांची वही ठेवली. पोपट नाव-गाव लिहायला लागला, आणि मी त्या माळ्याशी बोलू लागलो.

त्याला हिंदी चांगली येत होती. तो म्हणाला, जवळच गोऱ्या सोल्जरांची वेगळी जागा आहे, तिथे लोक येतात. इंग्लंडहून एक बाई भावासाठी आपल्या बागेतली माती घेऊन आली होती. चिमूटभर माती टाकली आणि दिवसभर तिथेच बसून राहिली, डबाही तिथेच खाल्ला. शहराबाहेरच्या टेकडीवर जपानी म्हातारे येतात, बाटलीतून आणलेलं त्यांच्या गावचं पाणी ओततात. इथे मात्र फार कोणी येत नाही. तो म्हणाला, "इथल्या माणसांचे घरवाले लांब, खेड्यांत राहतात. त्यांना कोण सांगणार?"

मग त्याने विचारलं, "तुम्ही काय करायला आलात?"

मी म्हणालो, "लग्नाचं बोलावणं द्यायला."

त्याला वाटलं माझी हिंदी चुकली. त्याने पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. तो टोपी काढून म्हणाला, "हे पहिल्यांदाच."

मागे वळून पाहिलं तर चंद्रावतीबाई आमच्याजवळ नव्हत्या. त्या केव्हाच आत गेल्या होत्या.

मैनाने मोबाईलवर बघून त्यांना सांगितलं होतं, "आजी, डावीकडं पयली पाटी, वरनं तिसरं नाव." ते नावांच्या भिंतीबद्दल होतं. पण चंद्रावतीबाईंना वाचता येत नाही, आणि भिंत फाटकातून दिसतही नव्हती. त्यांना दिसल्या त्या रांगा, आणि प्रत्येक दगडावर एक पाटी. त्या डावीकडे वळल्या, पहिल्या रांगेत शिरल्या आणि तिसऱ्या दगडाशी जाऊन बसल्या.

आम्ही पोहोचलो तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. दगडाला कुंकवाचं बोट लागलं होतं. माथ्यावर अक्षता होत्या, त्यावर सुपारी. वाटी रिकामी. चंद्रावतीबाई गवतात पाय दुमडून बसल्या होत्या, एक हात दगडावर, आणि बोलत होत्या. आपल्या आईचं सांगत होत्या. तिने दुसरा घरोबा केला नाही, मिठागरावर काम करून कसं वाढवलं, मरताना काय म्हणाली. बांध फुटल्याचं सांगितलं. पोपट लहानपणी विहिरीत पडला होता तेही सांगितलं. मग मैनाचं लग्न, मुलगा कुठला, करतो काय. एखादी मुलगी माहेरी येऊन बापाशी बोलते तसं. माणूस विचारतो, इतक्या लांब दगडाशी जाऊन काय मिळतं? मला ते तेव्हा त्यांच्या तोंडावर दिसत होतं, पण मला त्याचा आनंद घेता येईना. कारण मी ती पाटी वाचली होती.

पोपटनेही वाचली होती. त्याने माझा दंड धरून मला दोन दगड मागे नेलं आणि कानाशी म्हणाला, "गुरुजी, गप ऱ्हावा. तिचं झालं ना? झालं. चला घरी."

मी म्हणालो, "अरे, पण भिंतीवर तिच्या बापाचं नाव आहे. तिकडे ती गेलीच नाही."

"तिला काय कलतंय? बघा तिच्याकडं. सत्तर वर्सांत आयेला मी असं बगितलं नाय." तो बोलता बोलता थांबला. "म्हंजी, मी जल्मल्यापासनं नाय बगितलं."

त्याचं म्हणणं मला कळत होतं. कुरकुरत आलेला मुलगा आता आईच्या आनंदावर पहारा करत होता. मी गप्प राहिलोही असतो. पण चंद्रावतीबाईंनी डोळे पुसले, आमच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "गुरुजी, या ना असे. लांब काय उभं ऱ्हायलात? माज्या बापसाचं नाव वाचा. मोठ्यानं. मना ऐकू द्या."

पोपटने माझ्याकडे पाहिलं. मी दगडाजवळ गेलो. मुलांना वाचायला शिकवताना मी एकच गोष्ट सांगत आलो, जे लिहिलं आहे तेच वाचायचं, आपल्याला हवं ते नाही. पण ते शाळेपुरतं नसतं हे अशा वेळी कळतं. ही बाई उद्या मांडवात बसून या ठिकाणाहून बापाला हाक मारणार होती. ती हाक दुसऱ्याच दारात जाणार हे ठाऊक असून मी गप्प बसायचं?

मी वाचलं, "सिपाही गुलाम रसूल."

चंद्रावतीबाई ऐकत राहिल्या. पुढे जनूचं नाव येईल असं त्यांना वाटलं असावं. ते आलं नाही.

"हा कोन?" त्यांनी विचारलं.

मी त्यांच्याजवळ बसलो आणि सावकाश समजावलं. मुसलमान आणि ख्रिस्ती जवानांना इथे पुरलं, म्हणून त्यांचे दगड आहेत. हिंदू आणि शीख जवानांना त्या वेळी अग्नी दिला. त्यांची राख कुठे गेली ते आता कुणी सांगू शकत नाही, म्हणून त्यांची नावं एका भिंतीवर आहेत. मैनाने सांगितलं ते त्या भिंतीवरचं. डावीकडची पहिली पाटी, वरून तिसरं नाव.

त्यांनी रिकाम्या वाटीकडे पाहिलं. मग उठल्या. "दाखवा मना."

माळी आम्हाला मागच्या बाजूला घेऊन गेला. भिंतीवर पाट्या होत्या आणि पाट्यांवर नावंच नावं, एकाखाली एक. मी जनूचं नाव शोधून त्यावर बोट ठेवलं. चंद्रावतीबाईंनीही बोट ठेवलं. अक्षरांवरून ते फिरवलं, उलटं-सुलटं. भिंतीला ना कोनाडा, ना कट्टा. खाली फरशी. अक्षता ठेवायला कुठे जागाच नव्हती, आणि ठेवायला अक्षताही उरल्या नव्हत्या.

पोपट म्हणाला, "आये, थांब. मी त्या दगडावरनं थोडे दाने आनतो. त्याला काय दोन कमी पडले तर..."

"खबरदार!" इतक्या मोठ्याने की माळीही दचकला. "दिलेला आवतण उचलून आनतोस? तुज्या लगनात कुनी तुज्या मामाच्या हातातनं अक्षत काढून घेतली असती तर?"

"पन आये, तो कोन, कुटला..."

"कुटला का असंना. त्याला दिलाय मी. पाया पडून दिलाय."

पोपटने पुढे टाकलेलं पाऊल मागे घेतलं. चंद्रावतीबाई फरशीवर बसल्या, पाठ भिंतीला लावून. आता त्या रडतील असं मला वाटलं. त्या रडल्या नाहीत. पण चेहरा पडला होता. एवढ्या वाटेने वाटी टेकू दिली नाही, आणि टेकवली ती चुकीच्या दारात. बाप सापडला तो नुसत्या नावाचा. त्याला घर नाही, बसायला जागा नाही. मांडवात काय म्हणायचं? भिंतीतून ये?

मी त्यांना काही सांगायला गेलो नाही. विद्यार्थी फळ्याकडे बघत उभा असतो तेव्हा आपण बोललं की त्याचा विचार मोडतो.

बऱ्याच वेळाने त्यांनी माळ्याला मराठीतच विचारलं, "त्याच्याकडं कुनी येतं का रं? त्या गुलामाकडं?"

मी हिंदीत सांगितलं. माळी म्हणाला, "मी आहे तेव्हापासून कोणी आलेलं नाही."

"आन् ही भिंत आन् तो दगड, किती लांब?"

माळ्याला प्रश्न कळला नाही. त्याने हात पसरून दाखवलं, इथून तिथे, एवढंच.

चंद्रावतीबाई पोपटला म्हणाल्या, "पोपट, आपन आवतणाला जातो. समज, घराला कुलूप हाय. घरवाला नाय. मंग काय करतो?"

"शेजारी सांगून येतो."

"अक्षत कुटं ठेवतो?"

पोपटने त्या दगडाच्या दिशेने पाहिलं. मग सावकाश म्हणाला, "शेजाऱ्याच्याच हातात देतो. म्हनतो, ते आले की द्या."

"आन् शेजाऱ्याला काय म्हनतो?"

"तुमीपन या."

"मंग?" चंद्रावतीबाई म्हणाल्या आणि भिंतीला हात लावून उठल्या. "माजा बापूस लॉरीवाला. ड्रायवर मानूस कदी घरात सापडतो का? माजी आयस सांगायची, पेनला जायचा तो चार दिसांनी उगवायचा. कुलूपच असनार. मी बराबर ठिकानी दिलाय."

त्या पुन्हा पहिल्या रांगेत गेल्या. या वेळी चाल वेगळी होती. मघाशी त्या लेक म्हणून बसल्या होत्या. आता लग्नघरची बाई आवतणाला आल्यासारख्या उभ्या राहिल्या, पदर डोक्यावरून घेतला.

"गुलामदादा," त्या म्हणाल्या, "मघाशी मी तुमाला बापूस म्हनून समदं सांगितलं. आयकलंत, लय उपकार. आता असं करा. तुमच्या पाठीमागं भिंतीवर जनू ऱ्हातो. आमचा. मिठागरावला. तो आला की सांगा, तुज्या लेकीच्या घरी लगीन हाय, रोह्याला, अष्टमीत. अक्षत तुमच्याकडं ठेवलीय. न् तुमीपन त्याच्यासंगतीनं या. वाट त्याला ठावकी हाय, पेनपर्यंत. पुडचं विचारा कुनालापन."

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "गुरुजी, ह्याला मराठी येत असंल का हो?"

मी म्हणालो, "इतकी वर्षं तुमच्या वडिलांच्या शेजारी आहे. शिकला असेल."

"शिकला असनारच," त्या म्हणाल्या. "बापूस गप बसनारा नव्हता म्हनं."

निघताना माळ्याने विचारलं, काम झालं का? पोपटने मोडक्यातोडक्या हिंदीत उत्तर दिलं, "हो गया. दो जन आने वाले हैं." माळ्याने या वेळी पुन्हा विचारलं नाही. त्याने त्या दगडावरच्या अक्षता आज झाडणार नाही असं कबूल केलं.

परतीच्या वाटेवर चंद्रावतीबाई सगळा वेळ ओठ हलवत होत्या. धवला जुळत होता.

हळदीच्या दिवशी अष्टमीतल्या घरासमोर मांडव पडला. पेणहून काशीबाई आल्या. त्या चंद्रावतीबाईंच्या मागे बसून आयुष्यभर ओळी झेलणाऱ्या. त्यांच्याबरोबर आणखी तिघी. मेढीजवळ दिवा लावला. पोपटने त्या दिवशी डीजे लावू दिला नाही. कंपनीतले त्याचे मित्र कुरबुरत होते, तो म्हणाला, "आये गाते तवर कुनी बटनाला हात लावायचा नाय."

चंद्रावतीबाईंनी गणपती बोलावला. ग्रामदेवी बोलावली. बापदेव बांधावरून आला. सासरे आले, नवरा आला, कृष्णाबाई आल्या. प्रत्येकाचं ठिकाण, प्रत्येकाचं झाड. मध्ये मध्ये त्यांना दम लागायचा, तेव्हा बायका ओळ लांबवून त्यांना वेळ द्यायच्या. मग ती जागा आली. काशीबाईंनी सवयीने पाण्याचा तांब्या पुढे केला. चंद्रावतीबाईंनी तो हाताने बाजूला सारला.

चारी अंगी डोंगर, मधी भाताचं खाचर
तिथं हिरव्या गवताचं सारवलं आंगन
आंगनी पयल्या वलीला गुलाम रसूल दादा

बायका ओळ झेलायला तयार होत्या, पण ती मध्येच अडली. एकमेकींकडे बघू लागल्या. मांडवात मागे कुजबुज झाली. काशीबाई पुढे वाकल्या. "ह्यो कोन गो? आपल्यातला नाय वाटत."

"बापसाच्या शेजारचा."

"शेजारचा? त्याला कशाला?"

"बापूस घरात नव्हता. निरोप त्याच्याकडं दिलाय. त्याला हाक मारली नाय तर बापसाला सांगनार कोन?"

काशीबाईंनी क्षणभर विचार केला. मांडवातली सगळी माणसं त्यांच्याकडे बघत होती, कारण झेलणारीने ओळ झेलली नाही तर धवला पुढे जात नाही. मैना हळदीने माखलेली पाटावर बसली होती, तीही बघत होती.

"मंग जरा मोठ्यानं म्हन ना," काशीबाई म्हणाल्या. "एवढा लांबचा मानूस. पुटपुटलीस तर आयकू कसं जाईल?" आणि त्यांनीच आधी आवाज लावला. तिघी त्यांच्यात मिसळल्या. गुलाम रसूल दादा मांडवात आला.

चंद्रावतीबाईंनी श्वास घेतला. या वेळी कुणाला ओळ लांबवावी लागली नाही.

दादा, पाठच्या भिंतीशी जनू बापूस माजा
त्याला उठव, त्याला सांग, लेक बोलावते
लेकीच्या मांडवाला ये रं जनू बापा

"ये रं जनू बापा," काशीबाई म्हणाल्या.

"ये रं जनू बापा," तिघी म्हणाल्या. मांडवाच्या खांबाला टेकून उभा असलेला पोपट, ज्याला गाण्यातलं काही येत नाही, तोही बायकांच्या सुरात सूर मिसळून म्हणाला. चंद्रावतीबाईंनी ती ओळ आणखी एकदा म्हटली. नियमाने एकदाच म्हणायची असते. पण हाक मारणारी त्या होत्या, आणि त्यांना कुणी अडवलं नाही.